उघडी माती

कांद्याची लावण होऊन पंधरा-वीस दिवस झाले, पाण्याच्या दोन पाळ्या झाल्या, की वाफ्यांवर हिरवी झाक येते. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, कांदा चांगला लागला. वाफ्यात उकिडवं बसल्यावर कळतं, ही झाक कांद्याची नव्हे. कांद्याचं रोप अजून काडीएवढं, दोन-तीन पानांचं, लावणीच्या धक्क्यातून नुकतं सावरतंय. हिरवं दिसतंय ते त्याच्या आजूबाजूचं. चाकवताची पिठूळ पानं, रानमेथीच्या नाजूक डहाळ्या, जमिनीला चिकटून पसरलेली पाथरी, कातरलेल्या पानांचं गाजरगवत आणि या सगळ्यांमधून वर आलेली लव्हाळ्याची टोकं. यांचं रोप कुणी टाकलं नाही, यांना खत कुणी घातलं नाही, तरी कांद्याच्या आधी रान धरलं ते यांनी.

आमचं रान फलटणच्या बाजूला, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर. कांदा, वांगी, टोमॅटो, मिरची, मधूनच मेथी-कोथिंबीर, आणि चारी बाजूंनी ऊस. भाजीपाला करणाऱ्याचा निम्मा जीव बाजारभावात अडकलेला असतो आणि निम्मा तणात. भावावर आपला हात चालत नाही. तणावर चालतो, आणि तो हात बहुतेक ठिकाणी बाईचा असतो.

तण खाई धन, असं म्हणून आपण सगळा दोष तणावर टाकतो. खुरपं हातात धरून बरीच वर्षं झाल्यावर माझा राग तणावरून उतरला आहे. तो आता उघड्या मातीवर आहे. माती उघडी राहिलेली या जगात फारशी कुठे दिसत नाही. सीतामाईच्या डोंगरात झाडाखाली जावं तर पाचोळ्याचा थर, माळावर कुसळी, ओढ्याकाठी हरळी. जिथे माती उघडी पडलेली असते तिथे दरड कोसळलेली असते, पूर येऊन गेलेला असतो, नाहीतर माणूस नांगर घेऊन आलेला असतो. अशी माती उन्हाने तापते, पावसाच्या थेंबाने फुटते, वाऱ्याने उडते. तिच्यावर घाईने पांघरूण घालायला जी झाडं सर्वांत आधी धावून येतात, त्यांना आपण तण म्हणतो. म्हणजे आपण रान स्वच्छ, मोकळं, तुळतुळीत करून ठेवतो आणि मग ते झाकायला आलेल्यांशी वर्षभर भांडतो.

ती येतात कुठून, हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली त्याचं उत्तर शोधायला घेतलं. त्याने वीस बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलीत एकवीस जातींच्या रानझाडांच्या पन्नास-पन्नास बिया ओलसर वाळूत मिसळून भरल्या आणि पाणी साचू नये म्हणून तोंडं खालच्या बाजूला कलती ठेवून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची, बिया पेरायच्या, किती उगवतात ते पाहायचं. बील गेले, त्यांच्या मागून आलेल्यांनी काम चालू ठेवलं. २०२१ साली एक बाटली काढली तेव्हा १४२ वर्षं मातीत पडून राहिलेल्या काही बिया उगवल्या. बहुतेक जातींचा दम त्याच्या खूप आधीच संपला होता हे खरं, पण एका जातीने एवढा काळ तग धरला. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो शेतकऱ्याच्या साध्या प्रश्नासाठी केलेला आहे आणि ज्याने केला त्याला शेवट पाहायला मिळणार नाही हे त्याला माहीत होतं. एखाद्या वर्षी मजूर मिळाले नाहीत, तण फुललं, बी झडलं, तर पुढची कितीतरी वर्षं ते आपल्या रानात आपली वाट पाहत राहतं. बांधावर उभं राहून हा हिशेब दिसत नाही.

बीलची २०२१ मधली ती बाटली पहाटेच्या अंधारात उकरली होती. कारण मातीतल्या पुष्कळशा बारीक बियांना जागं व्हायला उजेडाची नुसती झलक पुरते. नांगर, कुळव किंवा खुरपं माती पालथी करतं तेव्हा खालचं बी क्षणभर उजेडात येतं आणि त्या क्षणाची खूण धरून रुजायला लागतं. जर्मनीत संशोधकांनी रात्री नांगरून पाहिलं होतं, तेव्हा तण कमी उगवलं. आपण खुरपतो तेव्हा उगवलेलं तण काढतो आणि त्याच हाताने पुढच्या तणाला उठवतो. हे कळल्यावर खुरपणी सोडून द्यावी असं काही नाही. पण माती किती खोल हलवायची आणि हलवून झाल्यावर तिला तशीच उघडी सोडायची का, हे दोन प्रश्न मग पाठ सोडत नाहीत.

आता खुरप्याचं सांगते. बसायचं ते दोन्ही टाचा टेकून, पुढे सरकता येईल असं. डाव्या हाताने तणाचा झुबका एकत्र धरायचा, उजव्या हाताने खुरपं तिरकं, जमिनीला जवळजवळ आडवं सारायचं, नखाएवढं आत. मूळ सुटल्याचा हाताला एक हलका झटका बसतो. मग डावा हात उचलून दोनदा झटकायचा, माती तिथेच पाडायची आणि तण बाजूला टाकायचं. झटकलं नाही तर मुळाशी धरून राहिलेल्या ओल्या मातीवर घोळ पुन्हा उभी राहते. हरळीचा तर एक पेरा मागे राहिला तरी पुरे. म्हणून हरळी पाटीत गोळा करून बांधावर नेतात, वाळवतात. कांद्याची मुळं उथळ असतात, वरच्या वीतभर मातीतच पसरलेली. तिथे खुरपं खोल गेलं की तण निघतं आणि कांदाही दुखावतो. पुढे गड्डा धरू लागला की रोपाजवळची माती हलवायचीच नाही.

या कामाला डोळे लागतात आणि बोटंही लागतात. कोवळा लव्हाळा आणि कोवळा कांदा लांबून सारखेच दिसतात. जुन्या बाया बघत बसत नाहीत. चिमटीत दांडा धरून फिरवतात. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा, बोटांत अडखळतो. कांद्याची पात गोल, आतून पोकळ, फिरते आणि दबते. मेथीच्या वाफ्यात रानमेथी, कोथिंबिरीत गाजरगवताचं बाळरोप, अशी फसवणूक प्रत्येक पिकात असते. वाफ्यात बसलेली बाई मिनिटाला असे कितीतरी निर्णय घेत पुढे सरकत असते आणि तोंडाने सुनेच्या बाळंतपणाचं बोलत असते.

आणि वाफसा. चिखलात खुरपलं तर माती थापली जाते, मुळं निघतात पण सोबत ढेकळं निघतात. सुकल्यावर खुरपलं तर तण वरच्या वर तुटतं आणि मूळ आत राहतं. या दोहोंच्या मधे दीड-दोन दिवस असतात, तोच वाफसा. आमच्याकडे येणाऱ्या बायांच्या टोळीच्या पुढे एक मामी असतात, साठीच्या पुढच्या. मी विचारलं की त्या वाफ्यात पायाच्या अंगठ्याने माती उकरतात आणि सांगतात, "आज नगं ताई. आजून चिकाट हाय. उंद्या दुपारपतूर थांबा." माती परीक्षणाचे अहवाल मी वाचते, त्यांचा उपयोगही होतो, पण खुरपणीचा दिवस त्या अंगठ्याने ठरतो.

पात लागते, म्हणजे बाया ओळीने खुरपायला बसतात, तेव्हा पहिली पात मामींची. त्यांच्या वेगाने बाकीच्या सरकतात. नवी पोरगी असली तर तिला आपल्या शेजारी बसवतात, आणि ती मागे पडली की बोलता बोलता तिच्या पातीतलं दोन हात खुरपून देतात. तिला कुणी रागावत नाही. दुपारी भाकरी सोडायच्या आधी प्रत्येकीच्या ओच्यात काहीतरी असतंच. थंडीत चाकवत, पाथरी, पावसाळ्यात कुर्डू, केना, तांदुळजा, घोळ. पाथरीची पानं कांदा-भाकरीबरोबर कच्ची खातात, कुर्डूची भाजी पहिल्या पावसाची, घोळीला डाळ घालायची. उरलेल्या गवताचा भारा संध्याकाळी शेळीला. रानातून जे काढून टाकायचं तेच ताटात आणि गोठ्यात जातं. तणनाशक फवारलेल्या रानात हे थांबतं. तिथे बाया ओचा खोचतच नाहीत. मजुरी देताना हा कापला गेलेला वाटा कुणाच्या हिशेबात येत नाही, पण संध्याकाळी त्यांच्या चुलीवर त्याची उणीव असते.

माढा तालुक्यातलं अरण हे सावता माळ्याचं गाव. १२९५ साली त्यांनी तिथेच देह ठेवला. पंढरपूर इतकं जवळ असूनही मळा सोडून त्यांना जावंसं वाटलं नाही आणि विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, अशी कथा आहे. चित्रांत त्यांच्या हातात खुरपं असतं. वारकऱ्यांनी ज्या अवजाराला देवाजवळ बसवलं ते हे. ज्या बाया आज ते चालवतात त्यांचं काम मात्र मजुरीच्या हिशेबात कसब नसलेलं, कुणालाही जमणारं म्हणून लिहिलं जातं. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. आमच्या पंचक्रोशीत बाईचा रोज तीनशे असेल तेव्हा गड्याचा पाचशे असतो, आणि कारण विचारलं तर सांगतात, गडी औत धरतो, पाठीवर पंप घेतो, ओझं उचलतो. दिवसभर उकिडवं बसून सरकणं हे ओझं धरलं जात नाही. संध्याकाळी पात संपल्यावर बाया उठतात तेव्हा एकदम सरळ होत नाहीत. आधी गुडघ्यावर हात, मग कमरेवर हात, मग थोडं थांबून उभ्या राहतात. चाळिशीतल्या बायांनाही मी असं टप्प्याटप्प्याने उभं राहताना पाहते, आणि ते मला सोसत नाही.

दुसऱ्या देशात हीच पाठ न्यायालयात गेली होती. कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांत मेक्सिकन मजूर आखूड दांड्याच्या कुदळीने तण काढत. त्या कुदळीला ते एल कॉर्तितो म्हणत. मालकांचं म्हणणं असं की आखूड दांड्याने काम नेमकं होतं, रोप दुखावत नाही. मजुरांचं म्हणणं असं की दिवसभर दुमडून राहिल्याने पाठीचे मणके कायमचे जातात, आणि मुकादमाला ही कुदळ आवडते कारण कोण सरळ उभा राहिला ते लांबूनच दिसतं. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि ती कुदळ बंद झाली. पुढे बऱ्याच शेतांत कुदळीऐवजी नुसत्या हातांनी, तसंच वाकून, तण उपटून घेणं सुरू राहिलं. २००४ मध्ये त्यावरही नियम आले की जिथे लांब दांड्याच्या अवजाराने काम होऊ शकतं तिथे वाकून हाताने तण काढून घ्यायचं नाही. मात्र सेंद्रिय शेतीला त्यातून सूट मिळाली, कारण तणनाशक वापरायचं नाही तर हाताशिवाय भागणार नाही, असं तिथल्या सेंद्रिय शेतकऱ्यांनी मांडलं.

ती सूट वाचली तेव्हापासून मला विषमुक्त भाजीच्या पाट्या नुसत्या कौतुकाने वाचता येत नाहीत. मी स्वतः तणनाशकाच्या विरोधातली आहे. मातीसाठी, पाण्यासाठी, ओच्यातल्या त्या चाकवतासाठीही. पण विष टाळण्याची सगळी किंमत सहा-सात बायांच्या कमरेतून वसूल करायची असेल तर त्या भाजीला मी निर्मळ म्हणणार नाही. विष नको आणि पाठही मोडायला नको, असं दोन्ही एकदम हवं असेल तर वाट आच्छादनातून जाते. माती आधीच झाकून टाकायची, म्हणजे ती झाकायला दुसऱ्या कुणाला यावं लागत नाही.

हल्ली झाकणं म्हटलं की पेपर. मल्चिंग पेपर म्हणतात, असतो प्लॅस्टिकचा. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट यांनी शेतात प्लॅस्टिक अंथरून पाहिलं, तिथून तो जगभर गेला आणि आता आमच्या टोमॅटोच्या प्रत्येक प्लॉटमध्ये आहे. गादीवाफा करायचा, खत भरायचं, ठिबकच्या नळ्या पसरायच्या आणि वरून चार फुटी रोल ताणून कडा मातीत दाबायच्या. वरची बाजू चंदेरी, खालची काळी. काळ्या बाजूने उजेड अडतो, म्हणून खालचं बी एकतर उठत नाही, आणि उठलंच तर अंधारात पिवळं पडून मरतं. एवढ्याशा बियात साठवलेलं अन्न दोन-तीन सेंटिमीटर चढण्यापुरतंच असतं. चंदेरी बाजूवरून परत फिरलेला उजेड पानांच्या खालच्या अंगावर पडतो आणि मावा, फुलकिडे बिचकतात. पाणी वाचतं, फळ मातीला लागत नाही. काम चोख आहे, यात वाद नाही.

फक्त लव्हाळा त्याला जुमानत नाही. त्याचं कोवळं पान गुंडाळलेलं, टोकदार येतं आणि पंचवीस मायक्रॉनचा पेपर सरळ भोसकून वर निघतं. खाली मातीत त्याच्या गाठी बारीक धाग्यांनी एकीला एक जोडलेल्या असतात. वरचा कोंब तोडला की शेजारच्या गाठीतून दुसरा. पेपर टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, नांगरून गाठी उन्हात वाळू दिल्या तर थोडा आळा बसतो. पूर्ण गेलेला मी कुठे पाहिला नाही.

लव्हाळ्याचं एक वेळ चालेल. पेपरचं मला खरं दुःख वाटतं ते पीक निघाल्यावर. सहा महिने उन्हात तापून तो कुरकुरीत झालेला असतो. ओढायला गेलं की हातात पट्ट्या येतात आणि कडेचा भाग मातीतच राहतो. ट्रॅक्टरने फण मारला की त्याच्या चिंध्या सगळ्या रानभर. पुढच्या पिकाची लावण करताना बोटांना त्या लागतात. गोळा केलेला ढीग बांधावर पेटवतात, त्याचा काळा धूर शाळेकडे जातो. कालव्याच्या तारेवर अडकलेली चंदेरी फडकी मी दर उन्हाळ्यात पाहते. अनुदान पेपर अंथरायला मिळतं. तो उचलून नेऊन पुन्हा वापरात आणायची तजवीज त्याच योजनेत घातली असती तर माझी तक्रार उरली नसती.

आणि हे सगळं ज्या रानात चालतं त्याच्या बांधापलीकडे काय असतं? तोड झालेला ऊस आणि त्याचं पाचट. हेक्टरी आठ-दहा टन वाळलेली पानं. तोडणी झाली की काडी लावतात. थंडीच्या संध्याकाळी आभाळ तांबूस होतं आणि सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीच्या काड्या सापडतात. एकाच पाटाच्या अलीकडे शेतकरी माती झाकायला प्लॅस्टिक विकत घेतो आणि पलीकडे शेतकरी माती झाकणारी गोष्ट जाळून टाकतो. दोघे चुलतभाऊसुद्धा असू शकतात.

वांग्यात आणि मिरचीत आम्ही पाचट टाकतो. त्याचीही एक रीत आहे. रोप लावून महिनाभर होऊ द्यायचा, ते वीतभर झालं की एक खुरपणी अगदी मन लावून करायची, हरळी मुळासकट काढायची. उगवून उंच झालेल्या तणावर पाचट टाकून काही होत नाही, ते त्यातून डोकं काढतं. मग पाणी द्यायचं आणि ओल्या मातीवर वीतभर जाडीचं पाचट पसरायचं. आठवड्यात ते बसतं आणि चार बोटांचं राहतं. बुंध्याभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर ओल धरून खोड कुजतं. पाचट मातीत गाडलं तर ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. वरच राहू दिलं तर हा त्रास फारसा होत नाही. वाळवी येते, उंदीर येतात, ओल जास्त झाली तर गोगलगायी येतात. सकाळी फिरून पाहावं लागतं.

महिनाभराने हात घालून पाहिलं तर खाली माती ओलसर, गार, आणि गांडुळांची विष्ठा सांडलेली. वर मार्चचं ऊन आणि खाली श्रावण. पाण्याची पाळी दोन-तीन दिवसांनी लांबते. तण अजिबात येत नाही असं नाही, पण जे येतं ते एकट-दुकट, उंच, हडकुळं. ते काढायला खुरपं लागत नाही. चालता चालता वाकून दोन बोटांनी ओढलं की मुळासकट निघतं, कारण माती भुसभुशीत राहिलेली असते. जिथे चार खुरपण्या लागत तिथे एक खुरपणी आणि अधूनमधून एक फेरी एवढ्यावर भागतं. पाचट भरणं, वाहणं, पसरणं हे कष्टच आहेत, पण ते उभ्याने होतात. पंजा हातात घेऊन, चालत, बोलत. गडीही त्याला येतात.

विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी आपल्या शेतीपद्धतीत बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या बरोबरीने आच्छादनाला जागा दिली. त्यांच्या इतर मतांवर आमच्याकडे बांधाबांधावर वाद होतात, आच्छादनावर फारसा होत नाही. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आणखी पुढे गेले. रान नांगरायचंच नाही, आणि तणालाच वाढू देऊन, वेळेवर मारून, त्याची मुळं आणि पाला रानातच कुजू द्यायचा, असं त्यांनी स्वतःच्या शेतात करून दाखवलं आणि लिहिलं. भाजीपाल्यात ते सगळं जसंच्या तसं मला करता आलेलं नाही. तरी तणाकडे सेंद्रिय पदार्थाचा साठा म्हणून पाहायला त्यांच्या लिखाणाने शिकवलं, हे ऋण मानते.

एक तण असं आहे की त्याच्याबद्दल मला माया वाटत नाही, ते गाजरगवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आता देशात ते कुठे नाही असं सांगणं कठीण. एका झाडाला हजारो बिया. शेळी तोंड लावत नाही. ते उपटणाऱ्या बायांच्या हातांना खाज सुटते, डोळे चुरचुरतात, काहींच्या कातडीवर कायमचे चट्टे पडतात. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये भारतात सोडला. पावसाळ्यात तो दिसतो, झाडं चाळणीसारखी करतो आणि थंडीत दडून बसतो. गाजरगवत फुलायच्या आधी, हातमोजे घालूनच काढायचं, आणि हातमोजे ज्याचं रान त्याने द्यायचे. शंभर रुपयांच्या आत येणारी ही वस्तू किती बांधांवर दिसते ते मोजायला फार बोटं लागत नाहीत.

कांद्याचं मात्र वेगळं आहे. वांग्याच्या दोन झाडांमध्ये पाचटाला जागा असते. कांदा पंधरा सेंटिमीटरच्या ओळींवर, दहा सेंटिमीटर अंतरावर लावलेला. त्याची पानं सरळ उभी, अरुंद, शेवटपर्यंत मातीवर सावली धरत नाहीत. वांगं दोन महिन्यांत स्वतःची सावली पाडून तण दाबतं, कांद्याला ते कधीच जमत नाही. पहिले दीड-दोन महिने तो तणापुढे फार दुबळा असतो आणि तेव्हा मार बसला तर गड्डा पुढे भरून निघत नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीतही तणनाशकाच्या जोडीला एक हातखुरपणी आहेच. चाकाचं कोळपं, ज्याला आमच्याकडे सायकल कोळपं म्हणतात, ते उभ्याने ढकलता येतं आणि मिरचीच्या ओळींमध्ये छान चालतं. कांद्याच्या गच्च वाफ्यात त्याला शिरता येत नाही. मेथी, कोथिंबीर, लसूण, गाजर यांचंही तसंच. इथे हातच लागतात, आणि जाणते हात लागतात.

म्हणून जिथे झाकता येतं तिथे सगळं झाकून टाकावं, आणि जिथे बोटांशिवाय इलाज नाही तिथे त्या बोटांची किंमत द्यावी, असं मी धरून चालते. कांद्याच्या खुरपणीला आमच्याकडे बाईचा रोज गड्याइतका आहे. यावरून भावकीत बोलणी बसली, रोज वाढवून ठेवला म्हणून शेजारच्यांनी नाराजी दाखवली. पण पाचटामुळे वांगी-मिरचीतले खुरपणीचे जे रोज वाचले, त्यातूनच हे निघतं. उन्हाळ्याकडे काम सकाळी सातला लावून साडेअकराला सोडायचं आणि उरलेलं चारनंतर करायचं, ही मामींची सूचना होती. त्यातही रोज कापत नाही.

गेल्या हंगामात शेजारच्या पाव्हण्यांचा ऊस तुटला तेव्हा मामी स्वतः त्यांच्या दारात गेल्या. "काडी लावू नगासा. आमच्या ताई ट्रॉली धाडत्यात," असं सांगून आल्या, आणि त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पाचट भरायला आम्ही सगळ्या होतो. ट्रॉली भरत आली तेव्हा मामींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ह्यातलं मला थोडं मिळंल का? परड्यात मिरची लावलीया. दिसभर दुसऱ्याचं खुरपून घरी गेल्याव पुन्यांदा बसवत न्हाई बगा." ट्रॉली आधी त्यांच्या परड्याकडे वळवली. दोन सऱ्यांना पुरेल एवढं पाचट आम्ही तिथे उतरवलं, पसरलं, बुंध्यांशी चार चार बोटं जागा सोडली, आणि मग वांग्यावर आलो.